जूनचं रत्न मोती: घेताना आधी पाणी बघा, मग गोलाई, साइज सगळ्यात शेवटी

जूनमध्ये जन्मलेल्यांचं रत्न मोती हे आता बऱ्याच जणांना माहिती झालंय, आणि मे महिना संपत आला की बायकोला, लेकीला, सुनेला मोत्याचं काहीतरी घेऊया म्हणून चौकश्या सुरू होतात. आपल्याकडे तसा मोती घरात आधीपासूनच असतो, नथ असते, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या असतात, लग्नात मुंडावळ्या असतात. पण नवीन घ्यायला दुकानात गेलं की सगळे एकच प्रश्न विचारतात, "ओरिजिनल आहे ना?" आणि दुकानदार हो म्हणतो, आणि तो खोटं बोलतोय असंही नसतं, कारण कल्चर्ड मोती, म्हणजे माणसाने सुरुवात करून दिलेला, तो पण शिंपल्यातच तयार होतो, तोही खराच. म्हणून हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं असं: नैसर्गिक आहे की कल्चर्ड, समुद्राचा की गोड्या पाण्याचा, रंग दिलाय का, आणि हे सगळं बिलावर लिहून देणार का. हे चार प्रश्न नीट विचारले की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहिती काढून आलंय.

आधी एक गोंधळ दूर करते. महिन्याप्रमाणे रत्न ही पद्धत पाश्चात्त्य आहे, आज जी यादी सगळीकडे फिरते ती १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवून दिलेली, त्यात जूनला मोती आणि मूनस्टोन होते, अलेक्झांड्राइट १९५२ साली घातलं. आपली नवरत्नांची पद्धत ग्रहांची आहे, माणिक रवीचं, मोती चंद्राचा, पोवळं मंगळाचं, पाचू बुधाचा असं. त्यामुळे जूनमध्ये जन्म झाला म्हणजे पत्रिकेप्रमाणे मोती घालायचाच असं नाही, आणि पत्रिका बघून मोती सांगितला असेल तर तुमचा महिना कुठलाही असू शकतो. भेट म्हणून घेताय की ज्योतिषाने सांगितलंय म्हणून घेताय हे आधी ठरवा, कारण त्यावर कुठला मोती, कशात मढवायचा, किती खर्च करायचा हे सगळं बदलतं. माझं मत विचाराल तर आवडीने घालणाऱ्याने महिन्याचा विचारसुद्धा करू नये, ज्याला आवडतो त्याने घालावा.

मोती तयार कसा होतो ते थोडं समजून घ्या, कारण किमतीचं सगळं गणित तिथेच आहे. आपल्याकडची समजूत सगळ्यांना ठाऊक आहे, स्वाती नक्षत्राचा पाऊस पडतो तेव्हा शिंपला वर येऊन तोंड उघडतो आणि जो थेंब आत पडतो त्याचा मोती होतो, भर्तृहरीच्या श्लोकातही हेच आहे, तोच थेंब तापलेल्या लोखंडावर पडला तर नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो आणि स्वातीत शिंपल्यात पडला तर खरोखरचा मोती होतो. मला ही गोष्ट फार आवडते, संगतीचं महत्त्व सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. प्रत्यक्षात काय होतं तर शिंपल्यातल्या जिवाच्या अंगाला इजा झाली किंवा एखादा परजीवी आत शिरला की त्याभोवती तो एकावर एक पातळ थर चढवत जातो, तेच थर शिंपल्याच्या आतल्या चकचकीत बाजूला पण असतात. थर असतात चुनखडीच्या जातीचेच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यांना धरून ठेवणारा थोडा सेंद्रिय पदार्थ. उजेड या थरांतून आत जाऊन परत येतो म्हणून मोती आतून उजळल्यासारखा दिसतो. थर जितके जास्त आणि जितके नीट बसलेले तितकं पाणी, म्हणजे मोत्याची चमक, चांगलं.

कल्चर्डमध्ये सुरुवात माणूस करून देतो. शिंपला हळूच किलकिला करून आत शिंपल्याच्याच कवचापासून बनवलेला एक गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या पेशींचा बारीक तुकडा ठेवतात आणि शिंपला परत पाण्यात सोडतात. जपानच्या मिकिमोटोंना १८९३ मध्ये पहिला अर्धगोल मोती मिळाला, पूर्ण गोल मोत्याचं तंत्र पुढे तिथे बसलं. आपल्याकडे तमिळनाडूत तुतिकोरिनला १९७३ मध्ये कल्चर्ड मोती तयार करण्यात यश आलं. गोड्या पाण्यातल्या मोत्यात बहुतेक वेळा मणी घालतच नाहीत, नुसता पेशींचा तुकडा घालतात, म्हणून तो आतपर्यंत मोतीच असतो, आणि एकेका शिंपल्यात डझनांनी निघतात म्हणून स्वस्त पडतो. लोक स्वस्त म्हणून त्याला नाक मुरडतात, पण रोज घालायला मी तरी आधी तोच सुचवेन, कारण साल झिजली तरी खाली परत मोतीच आहे, मणी उघडा पडत नाही.

बाजारात मुख्यतः जे दिसतात ते असे. गोड्या पाण्याचे, बहुतेक चीनमधून येणारे, पांढरे, पीच, लव्हेंडर, आकार तांदळासारखा, बटणासारखा, आता गोलही चांगले मिळतात. अकोया, जपानचे, साधारण ६ ते ८ मिलिमीटर, आरशासारखी चमक, ऑफिसला घालायच्या एकपदरी माळेला याच्यासारखा दुसरा नाही, फक्त मण्यावरचा थर पातळ असू शकतो तेवढं बघून घ्या. साउथ सी म्हणजे ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सचे मोठे मोती, पांढरे आणि सोनेरी, थर जाड, चमक जरा मऊ, किंमत मोठी. ताहितीचे म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातले काळे, पण नीट बघितलं तर काळा फार कमी, राखाडी, हिरवट, मोरपंखी असे रंग असतात. बरोक म्हणजे वेडेवाकडे, त्यातले दोन एकसारखे सापडत नाहीत, आणि बजेट कमी असून काहीतरी वेगळं घ्यायचं असेल तर खुशाल बरोक घ्या. केशी म्हणजे कल्चर करताना आत मणी न राहता तयार झालेले, पूर्ण थरांचे, पाणी बघण्यासारखं असतं. माबे अर्धगोल, कानातल्यात आणि पेंडंटमध्ये बसवतात, मागून झाकलेले असतात. आणि एक गंमत म्हणून, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात त्या जातीतही बारीक मोती सापडतात, दागिन्यात जाण्याइतके नसतात ते.

आता बसरा. हा शब्द इतका वापरला जातो की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, बहारीन, कतार, कुवेत या भागात उन्हाळ्यात पाणबुडे नाकाला चिमटा लावून, दगडाचं वजन बांधून तळाला जायचे आणि शिंपले वर आणायचे. तिथून माल मुंबईला यायचा, मुंबईत त्याची निवड व्हायची, भोकं पाडली जायची, गुच्छ बांधले जायचे, आणि मग लंडन-पॅरिसला जायचा, अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. जपानी कल्चर्ड मोती आले, जगभर मंदी आली आणि १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडलं, मग समुद्रात जीव धोक्यात घालायला कोण जाणार, धंदा बसला. बहारीनने मात्र आपल्या मोत्याची इज्जत राखली, तिथे कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला आजही बंदी आहे. म्हणजे आज जो खरा बसरा फिरतोय तो बहुतेक जुन्या दागिन्यातून निघालेला आहे. दुकानात काचेच्या खाली ताटभर एकसारखे, पांढरेशुभ्र, पूर्ण गोल मोती आणि वर "बसरा" अशी चिठ्ठी असेल तर तो शब्द स्टाइलपुरता धरा. खऱ्या बसऱ्यात रंग किंचित पिवळसर, सायीसारखा, आकारात थोडा फरक, आणि ढीगभर एकसारखे मिळणं फार कठीण. "बसरा मोत्यांची बाणू नथ" म्हणून जी विकतात त्यात बहुतेक वेळा गोड्या पाण्याचे नाहीतर चक्क प्लास्टिकचे मोती असतात, हौसेने घाला, छान दिसते, पण पैसे त्या हिशोबानेच द्या.

पाणी बघायची पद्धत सांगते, ही एकदा जमली की बाकी निम्मं काम झालं. दुकानातले पिवळे स्पॉटलाइट मोत्यासाठी काही कामाचे नाहीत, त्यात कुठलाही मोती चमकतो. माळ घेऊन दाराशी किंवा खिडकीशी जा, ऊन थेट नको, दिवसाचा साधा उजेड हवा. एक मोती बोटांत धरून डोळ्याजवळ आणा. चांगल्या मोत्यात खिडकीची चौकट दिसते, कडा स्पष्ट दिसतात, अकोयात तर तुमचा चेहराही दिसेल. मध्यम मोत्यात नुसता उजेडाचा ठिपका दिसतो आणि त्याची कड विरघळलेली असते. पाणी गेलेल्या मोत्यात ठिपकाही नसतो, खडूसारखा पांढरा दिसतो, असा मोती कितीही मोठा आणि गोल असला तरी घेऊ नका. मग मोती हळूहळू फिरवा, गुलाबी-हिरवट अशी हलकी छटा पृष्ठभागाखालून सरकताना दिसली तर फारच उत्तम. मण्यावरचा थर पातळ असेल तर फिरवताना मोती एकदा उजळ, एकदा मळकट असा मिचकावल्यासारखा दिसतो, आतल्या मण्याचे पट्टे डोकावतात, तो बाजूला ठेवा. माळ असेल तर पांढऱ्या कापडावर सरळ पसरून टोकापासून टोकापर्यंत बघा, एखादा मोती रंगाने वेगळा असेल तर लगेच डोळ्यात भरतो. मग माळ तशीच कापडावर लोळवा, गोल मोती सरळ लोळतात, नसलेले लंगडतात. बारीक खड्डे, रेषा थोड्या असल्या तर त्याचा बाऊ करू नका, निसर्गात तयार झालेल्या वस्तूवर त्या असणारच, एकही खूण नसलेली स्वस्त माळ दिसली तर उलट तपासून घ्या. सध्या सगळा जोर साइजवर आहे, दहा-बारा मिलिमीटरच्या मोठ्या मोत्यांची निस्तेज माळ घेतात आणि सातची लखलखीत माळ बाजूला ठेवतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

नकली ओळखायला दाताची परीक्षा सगळ्यांना माहितीये, पुढच्या दाताच्या कडेवर मोती हलकेच घासायचा, खरा किंचित खरखरीत लागतो, काच-प्लास्टिक गुळगुळीत. दात लावायला नको वाटत असेल तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा, तसंच कळतं. पण एवढं लक्षात ठेवा की याने फक्त नकली बाजूला पडतो, नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही खरखरीतच लागतात, दात घासून "हा बसराच आहे" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हातात घेतल्यावर खरा मोती आधी गार लागतो आणि मग अंगाच्या उबेने कोमट होतो, प्लास्टिक पहिल्यापासून कोमट आणि वजनाला हलकं असतं. सगळ्यात जास्त भोकात कळतं. जवाहिऱ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच, ते मागून घ्या. नकलीच्या भोकाच्या कडेला रंगाचा थर उचकटलेला, पोपडे आलेला दिसतो. रंग दिलेल्या मोत्याच्या भोकाशी रंग गडद साचलेला असतो. मणी घातलेल्या कल्चर्डमध्ये आत वरचा थर आणि मणी यांच्यामधली एक काळपट रेघ दिसते, आणि थर किती जाड आहे तेही तिथेच दिसतं. जुन्या नैसर्गिक मोत्यांची भोकं अगदी बारीक असतात, मोती वजनावर विकला जायचा ना, भोक पाडताना जेवढं कमी जाईल तेवढं बरं. पक्की खात्री मात्र एक्स-रे शिवाय होत नाही, म्हणून कुणी नैसर्गिक म्हणून मोठी किंमत सांगितली की लॅबचा रिपोर्ट मागा, मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी आहे. विकणारा टाळाटाळ करायला लागला की उठून या.

गजमोत्याबद्दल सांगायलाच हवं कारण यात लोक फसतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्याच्या आठ जागा सांगितल्यात, हत्ती, साप, शिंपला, शंख, ढग, बांबू, मासा आणि डुक्कर. वाचायला सुंदर आहे, त्या काळी लोकांनी मोत्याबद्दल किती कल्पना केल्या होत्या ते त्यातून कळतं. यातल्या शिंपल्यातला मोती खरा, शंखातलाही खरा, एका जातीच्या समुद्री शंखात गुलाबी मोती सापडतात. पण हत्तीच्या डोक्यात मोती नसतो, आणि नागमणी म्हणून दाखवतात तोही सापाचा नसतो. सिद्ध केलेला गजमुक्ता, घरात ठेवला की बरकत, असं सांगून कुणी दारात आलं तर आजी-आजोबांना एकटं त्याच्यापुढे बसू देऊ नका.

श्रद्धेची परंपरा मात्र खूप जुनी आहे. अथर्ववेदात मोत्याच्या शिंपल्याचा ताईत बांधायचं सूक्त आहे, आयुष्य मिळावं, रक्षण व्हावं म्हणून. चंद्राशी नातं जोडलं गेल्यावर मोती मनाच्या शांतीचा, शीतलतेचा, आईच्या मायेचा झाला. आयुर्वेदात मुक्तापिष्टी पित्तावर, दाहावर देतात, ती गुलाबपाण्यात खलून केलेली असते, वैद्याला विचारूनच घ्यायची. रोमन लोकांनी मोती प्रेमाच्या देवतेला, व्हीनसला वाहिला. युरोपात मोती म्हणजे अश्रू असंही मानायचे आणि काही ठिकाणी नवरीने लग्नात मोती घालू नये म्हणायचे. आपल्याकडे बरोबर उलट, नवरा-नवरीच्या कपाळावर मोत्याच्या मुंडावळ्या नसतील तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आणि मराठी माणसाला मोती म्हटल्यावर पानिपत आठवतंच. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकाराचं जे पत्र लागलं त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले हे दोन मोती गळाले असं लिहिलं होतं, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. घरातलं सगळ्यात मोलाचं माणूस गेलं हे सांगायला त्या माणसाने हिरा लिहिला नाही, माणिक लिहिलं नाही, मोती लिहिला. बडोद्याच्या गायकवाडांचं मोत्याचं वेड तर जगात प्रसिद्ध, खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास आखातातल्या बारीक मोत्यांनी भरलेला अख्खा गालिचा करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायच्या इच्छेने असं सांगतात. तो २००९ मध्ये कतारमधल्या दोह्यातल्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेला, आणि त्याआधी २००७ मध्ये बडोद्याच्याच मोत्यांचा दोनपदरी हार न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला.

ज्योतिषाने सांगितलाय म्हणून अंगठी करणार असाल तर वजनाचं नीट बघा. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं, कुणी साधारण ०.१२ ग्रॅमची रत्ती धरतो, कुणी ०.१८ ची, म्हणजे सात रत्ती म्हटल्यावर दोन दुकानांत दोन वेगळ्या वजनाचे मोती हातात पडतील. वजन ग्रॅममध्ये किंवा कॅरेटमध्ये लिहून मागा, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. परंपरेप्रमाणे चांदीत, करंगळीत, सोमवारी, शुक्ल पक्षात घालतात, मोती मागून उघडा ठेवतात म्हणजे अंगाला लागतो. घालायच्या आधी कच्च्या दुधात, गंगाजलात बुडवतात, त्यात काही बिघडत नाही, फक्त रात्रभर भिजत ठेवू नका, बुडवा, साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून घ्या. आणि अंगठीतला मोती सगळ्यात लवकर झिजतो हे मनाशी धरून चला, भांडी घासताना, कणीक मळताना, हँड सॅनिटायझर लावताना काढून ठेवा. भीतीपोटी कर्ज काढून मोठा साउथ सी घेऊ नका, परवडेल तो घ्या.

जपणं हा मोत्याचा निम्मा भाग आहे, कारण कडकपणात तो हिऱ्या-माणकाच्या जवळपाससुद्धा येत नाही, मोहसच्या मापात साधारण २.५ ते ४.५. क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायला अशी गोष्ट जुन्या रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलीये, ती जेवणाच्या एका बैठकीत झाली असेल की नाही ते सोडा, पण आंबट पदार्थ मोत्याला खातो हे शंभर टक्के खरं, लिंबू, व्हिनेगर, घाम सगळंच, आणि परफ्यूम, हेअर स्प्रेही मोत्याला वाईटच. म्हणून साडी नेसून, मेकअप, सेंट सगळं झाल्यावर मोती शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा. काढल्यावर किंचित ओलसर मऊ सुती कापडाने एकेक मोती पुसा, पुसल्याशिवाय डब्यात टाकू नका. चांदीसारखी टूथपेस्ट लावून घासू नका, सोनाराच्या मशीनमध्ये सोन्याबरोबर धुवायला देऊ नका, गरम पाणी नको. गरुडपुराणात मोती मीठ घातलेल्या कोमट स्निग्ध पाण्यात रात्रभर ठेवून साळीच्या दाण्यांनी चोळायची परीक्षा आहे, ती आजच्या पातळ थराच्या कल्चर्डवर करू नका, साल जाईल. सोन्याच्या दागिन्यांबरोबर एकत्र ठेवू नका, चरे पडतात, वेगळी मलमलची पिशवी करा. हवाबंद प्लास्टिकमध्ये वर्षानुवर्षं लॉकरला कोंडला की मोती कोरडा पडून त्याला बारीक तडे जाऊ शकतात, त्याला थोडी हवा लागते, अंगावर राहिलेला मोती जास्त चांगला राहतो, म्हणून सणावाराची वाट न बघता घाला.

आणि गाठवणं. आजीचा तन्मणी लॉकरमध्ये असेल तर आधी दोऱ्याकडे बघा, मोत्यांच्या मधे दोरा दिसायला लागला, मळका, सैल झाला की पटवेकऱ्याकडे न्यायची वेळ झाली. चांगला पटवेकरी समोर बसून काम करतो, आधी सगळे मोती पांढऱ्या कापडावर काढून मोजून दाखवतो, मोठे मध्ये आणि लहान कडेला असे लावून घेतो, मग रेशमाचा दोरा सुईत ओवून प्रत्येक मोत्यानंतर बोटाच्या नखाने गाठ मोत्याला टेकवून बसवतो, त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटली तरी एकच मोती घरंगळतो. तुम्हीही मोजा, फोनवर मोत्यांचा फोटो काढून ठेवा, आणि जुने मोती बदलून "नवीन चांगले" घालून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा, जुन्यातले काही नैसर्गिक असू शकतात आणि गेले की परत मिळत नाहीत. जुन्या मोत्यांची भोकं बारीक असल्यामुळे दोराही बारीक लागतो, नायलॉन घालून भोक मोठं करून देतो असं सांगणाऱ्याकडे माळ ठेवून येऊ नका. रोज घालत असाल तर दर एक-दोन वर्षांनी गाठवून घ्या, नथीची सोन्याची तार पण त्याच वेळी बघून घ्या, ती वाकून वाकून मोत्याच्या तोंडाशीच आधी तुटते.